गोविंदराव, हेलिकॉप्टर आणि चिमण्यांचं बिऱ्हाड

आदरणीय गोविंदरावांचा आणि माझा परिचय झाला तो त्यांच्या ओरडण्यानं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जुन्नर तालुक्यात, आण्याच्या पठारावर, हवाई पाहणीचं काम निघालं होतं. हेलिकॉप्टर उडवायला मी आणि ते सांभाळायला गोविंदराव. पहिल्याच दिवशी मी यंत्र उतरवलं, दार उघडं टाकलं आणि चहाकडे निघालो. मागून आवाज आला, "ओ कॅप्टन, दार कोन लावनार? चिमन्यांना भाड्यानं दिलंय का?" मला हसू आलं. त्यांना आलं नाही!

गोविंदराव मूळचे आंबेगाव तालुक्यातले, शिक्षणानं विमान-अभियंते आणि स्वभावानं कडक. माळावर उभं असलेलं हेलिकॉप्टर म्हणजे पाखरांना आयतं घरच: ऊब, आडोसा आणि जिकडेतिकडे भोकं. इंजिन निवलं की ते हवा आत-बाहेर जायच्या प्रत्येक तोंडावर जाड कापडी टोपी चढवत आणि फटींना जाळी लावत. गावकऱ्यांनी हौसेनं शेजारी बुजगावणं उभं केलं, तर साळुंक्या त्याच्याच डोक्यावर बसू लागल्या. गोविंदरावांनी कुणाचं मन मोडलं नाही. बुजगावणं राहू दिलं आणि टोप्यांचे बंद आणखी आवळले.

मग आली खंडेनवमी. अख्खं गाव हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घेऊन माळावर लोटलं. एक आजी म्हणाल्या, "आवो, त्वांड झाकून कुनी पूजा करतं व्हय?" गोविंदराव इथल्याच मातीतले, त्यांना ते पटलं. टोप्या आणि जाळ्या निघाल्या, माळा चढल्या, नारळ फुटला. पूजेला बसवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही गावची रीत. त्यामुळे पूजेनंतर यंत्राला कुणी हातच लावला नाही आणि ते तसंच उघडं राहिलं.

दसऱ्याला सकाळीच उड्डाण ठरलं होतं. माणसं जमली होती, पाहणीच्या कंपनीचे साहेब आले होते, मी तर पट्टा बांधून बसलोसुद्धा. एवढ्यात गोविंदराव आडवे आले. "तपासल्याबिगर चालू करायचं न्हाई." सगळी तोंडं साफ निघाली. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. मीही वैतागून म्हणालो, "झालं ना आता?"

"पंख्याखालचं झाकन ऱ्हायलंय. टोप्या मी काढू दिल्या, चूक माझी हाय. पर जीव तुमचा जाईल, राव."

झाकण उघडलं आणि मी पट्टा सोडून बघायला उतरलो. आत चिमण्यांनी एका दिवसात बिऱ्हाड मांडलं होतं! गवत, पिसं, झेंडूच्या पाकळ्या. आणि ज्या दांड्यांनी मी हेलिकॉप्टर वळवतो, त्यांच्या सांध्यात माळेचा दोरा गच्च गुंतलेला. आकाशात तो सांधा अडकला असता तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

गोविंदरावांनी दोरा एकेक पदर करून सोडवला. घरट्यात अंडी नव्हती, तरी गवत त्यांनी फेकलं नाही. लाकडी खोक्यात भरून ते खोकं माळावरच्या पहारेकऱ्याच्या चौकीच्या वळचणीला टांगलं. दुपारी उडायची वेळ आली तेव्हा माझी भीती त्यांनी ओळखली असावी. ते माझ्या शेजारी येऊन बसले. "मी तपासलंय, तवा मीच बसनार." काय उड्डाण झालं ते! खाली सगळं पठार हिरवंगार, माणसं टोप्या उडवतायत आणि गोविंदराव डोळे मिटून गणपतीचं नाव घेतायत. यंत्रावर त्यांचा विश्वास होता, उंचीची मात्र त्यांना भयंकर भीती वाटे. हे मला त्या दिवशी कळलं आणि त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला.

त्यानंतर माझं लग्न झालं, मुली झाल्या, केस पिकले. गोविंदराव आज पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. परमेश्वर त्यांना ठणठणीत ठेवो आणि ते शंभरी पार करोत. त्यासाठी माझ्या वाट्याची काही वर्षं लागली तरी त्यानं खुशाल घ्यावीत. ती मुळात त्यांचीच आहेत.