वकीलसाहेबांची रिटर्न लाइन

गॅरेजमध्ये तेलकट चिंध्या कशा साचतात ते कळतही नाही. एक दिवस पाहावं तर कोपऱ्यात ढीग! किस्स्यांचंही तसंच आहे. फरक एवढाच की चिंध्या जाळून टाकता येतात, किस्से मात्र लोक जाळू देत नाहीत. चहाच्या टपरीवर टेकलो की कोणीतरी म्हणतोच, "प्रकाशभाऊ, ते वकिलाच्या गाडीचं सांगा न!" मी पुन्हा सांगतो. नाही सांगितलं तर बब्बू सांगेल, आणि बब्बूच्या गोष्टीत सगळी अक्कल बब्बूचीच असते.

बब्बू म्हणजे माझा इलेक्ट्रिशियन. मराठी सगळी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी. आणि वकील म्हणजे आमच्या बालाघाटच्या दिवाणी कोर्टातले अरविंदराव. संशय हा त्यांचा धंदा, आणि सुटीच्या दिवशी छंद! दूधवाल्याच्या समोर दूध उकळवून पाहणारा माणूस. वहिनी म्हणाल्या, "भाजीत मीठ टाकलं," तर हे विचारणार, "साक्षीदार हाये का?"

त्यांचे वडील भरवेलीच्या खाणीवर डॉक्टर होते. भारी हौशी माणूस. नागपूरच्या कोणा शौकिनाकडून त्यांनी एक परदेशी गाडी आणली होती. लाल, दोन दारांची, बुटकी, टर्बोवाली. डॉक्टर गेले आणि गाडी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये झाकून राहिली. अचानक एक दिवस वकीलसाहेबांनी मला बोलावलं. "प्रकाश, गाडी नवीसारखी कर."

मी बैहर रोडच्या घाटात चालवून पाहिली. सपाटीला गुणाची, चढावर टर्बो लागला की ठसका! रोग साधा होता. टर्बो हवा कोंबतो आणि पेट्रोल पुरत नाही. चुलीत जोरात फुंकर मारावी आणि आत लाकूडच नसावं, तसं. मोठा पंप, मोठे इंजेक्टर, नवी फ्युएल रेल, प्रेशर रेग्युलेटर आणि टाकीपासून पुढचे सगळे पाइप नवे टाकावे लागणार होते. आजकालच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते जुनं रबर खाऊन टाकतं.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काम माह्या घरी होईन. माह्या डोळ्यासमोर."

तिथंच मी हात जोडून परत यायला पाहिजे होतं!

*

पहिल्याच दिवशी साहेब शेडमध्ये आले ते वहिनींच्या लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन. प्रत्येक पार्टवर एक लाल ठिपका. का, तर मी असली काढून नकली बसवू नये म्हणून!

मला राग आला. वीस गावची गिऱ्हाइकं माझ्या भरवशावर गाडी टाकून जातात आणि हा माणूस माझ्या समोर ठिपके मारतो. बब्बू म्हणाला, "लगाने दो भैया, गाड़ी की मँगनी हो रही है."

संध्याकाळी मी हत्यारं आवरायला लागलो. साहेबांनी माझ्या पिशवीतला पाना उचलला. "हा कुठी चालला?"

"साहेब, पाना माहा हाये."

"मंग याच्यावर आमचा ठिपका कसा?"

घाईघाईत त्यांनी माझ्या पान्यावरही ठिपका मारून ठेवला होता! तो पाना आजही त्यांच्याकडेच आहे.

*

मग रेलचा किस्सा. रेल म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटून देणारी एक हातभर नळी. पुण्याहून मागवली होती आणि ट्रॅव्हल्सच्या बसने येणार होती. पार्सल आल्याचा फोन बब्बूला आला. बब्बूने कोर्टात साहेबांना फोन लावला, "वकीलसाहब, रेल आ गई," आणि बॅलन्स संपल्यासारखा फोन ठेवून दिला.

साहेब काळ्या कोटातच थेट रेल्वे स्टेशनवर.

खिडकीतल्या बाबूला म्हणाले, "मेरी रेल आई है."

"कौन सी साहब? गोंदियावाली या जबलपुरवाली?"

"पुणेवाली!"

"पुणे की यहाँ नहीं आती."

साहेबांना वाटलं, झालं, दाबली! त्यांनी आवाज चढवला. "मुझे खबर मिल चुकी है. मेरी रेल आप अंदर रखके बैठे हैं!"

बाबू बिचारा गरीब स्वभावाचा. उठला, बाहेर आला, हात जोडून म्हणाला, "साहब, रेल तो सरकार की है. आपको बैठना हो तो टिकट दे दूँ?"

आम्ही शेडमध्ये तोंडावर फडकं धरून हसत होतो. साहेब परत आले ते रागातच, आणि रेल हातात घेतल्यावर पहिलं काय केलं? ठिपका!

*

आता रिटर्न लाइन. हिच्यावर जो खटला चालला तसा कोर्टातही चालत नसेल.

शेडला लागूनच ओसरी होती. तिथं साहेबांची आई खुर्ची टाकून बसायच्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. खाणीच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे नजर अजून वर्गावर. त्या दिवशी मी टाकीपासून इंजिनाकडे एक पाइप टाकला आणि इंजिनाकडून टाकीकडे दुसरा.

साहेबांनी उलटतपासणी सुरू केली. "हा दुसरा काहून?"

"रिटर्न लाइन. पंप जास्त पेट्रोल पाठवते. इंजिनाले लागते तेवढं इंजिन घेते, बाकीचं टाकीत वापस जाते."

"वापस जाते?"

"हौ."

"गेलेलं पेट्रोल वापस येते?"

"हौ साहेब!"

"प्रकाश, इतकी वर्षं वकिली करून राह्यलो. गेलेली जमीन, गेलेली बायको, गेलेला उसना पंप, काई वापस आलेलं पाह्यलं नाई. आन पेट्रोल येते म्हनतं! साक्षीदार हाये का?"

मी वैतागून रिटर्नचा पाइप टाकीतून काढला, बाटलीत सोडला आणि पंप सुरू केला. बाटलीत धार पडायला लागली. साहेब गुडघ्यावर बसून बघतच राहिले.

ओसरीतून काकूंचा आवाज आला, "म्हंजे या गाडीत गेलेलं परत येते तं!"

"येते काकू."

"चांगलं हाये," काकू म्हणाल्या. मग शिक्षिकाच त्या, थोड्या वेळाने दुसरा प्रश्न. "आन टाकीच्या झाकनाले हे बारीक भोक काहून रे?"

"टाकीले श्वास घ्याले. जुनी गाडी हाये न. हे बुजलं का पेट्रोल वढता वढता टाकीत पोकळी होते. गाडी थोडी दूर मजेत जाते आन मंग मुकाट्यानं बंद पडते. कोनाले रोग सापडत नाई."

काकूंनी मान हलवली. हुशार विद्यार्थ्यासारखी!

*

यानंतर वस्तू गायब व्हायला लागल्या. एका सकाळी पंपाचा रिले, म्हणजे पंपाला करंट सोडणारी डबी, नाही. दुसरा आणला, तर फ्यूज नाही. फ्यूज आणला, तर दुसराही रिले नाही!

साहेबांचा संशय माझ्यावर. माझा बब्बूवर, खोटं कशाला बोलू. बब्बूचा माकडांवर. मी म्हणालो, "माकडं केळं नेतीन, रिले काहून नेतीन?" तर म्हणतो, "भैया, आजकल के बंदर हैं."

काम रोज तिथल्या तिथंच. मला रात्री झोप लागेना, कारण गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. प्रकाश पार्ट चोरतो, एवढं एक वाक्य माझं गॅरेज बंद पाडायला पुरे होतं.

शेवटी बब्बूने सापळा रचला. त्याचा साळा भरवेलीच्या खाणीत कामाला. त्याच्याकडून मँगनीजची काळी भुकटी आणली, ग्रीसमध्ये कालवली आणि फ्यूजच्या डब्याला फासली. लागली की साबणाने सहज निघत नाही. म्हणाला, "कल सुबह जिसके हाथ काले, वही चोर!"

सकाळी बघतो तर रिले गायब. चोराने डब्याला हात घातलेला.

साहेब गरजले, "हात दाखवा सगळ्याईनं!"

मी हात दाखवले. काळे! मेकॅनिक आहे मी, माझे हात लग्नातसुद्धा काळे असतात. बब्बूचे काळे, कारण फासलं त्यानेच. आणि साहेबांचे तर कोपरापर्यंत काळे, कारण चोर सापडला का ते बघायला पहाटे सगळ्यात आधी डबा त्यांनीच उघडला होता!

तिघे काळे हात समोर धरून उभे होतो. तेवढ्यात ओसरीत काकू आल्या. दोन्ही तळहातांवर मेंदीचा हा जाड लगदा! डॉक्टर गेल्यापासून काकूंनी मेंदी लावलेली कोणी पाहिली नव्हती.

वहिनी म्हणाल्या, "आई, आज काहून मेंदी?"

"हौस आली," काकू म्हणाल्या. "मले चहा तू पाज बापा, माहे हात भरले हायेत."

*

मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. दोन दिवसांनी काकूंनीच मला एकट्याला गाठलं. साहेब कोर्टात होते.

"प्रकाश, बैलाचे शिंगं काहून रंगवतेत रे?"

"पोळ्याले, काकू."

"आन पोळा नसंन तं?"

पोळा नसताना ज्याच्या घरी बैलाची शिंगं रंगली, त्याचा बैल कटंगीच्या बैलबाजारात विकायला चालला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"इतकी वर्षं माह्या पोरानं त्या गाडीवरची धूळ नाई पुसली," काकू म्हणाल्या. "आता नवा पंप, नवे पाइप. कोनाले इकून राह्यला?"

"मले नाई माहीत, काकू. खरंच नाई माहीत."

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मुलगा कोणावर गेला ते मला त्या दिवशी समजलं!

मग सांगायला लागल्या. गाडी आणली डॉक्टरांनी, पण त्यांना तिची भीती वाटायची. टर्बो लागला की डोळे मिटून घ्यायचे! चालवायच्या काकू. भरवेलीहून उकव्यापर्यंत घाट चढून जायच्या, नऊवारी खोचून. डॉक्टर शेजारी बसून देवाचं नाव घ्यायचे. "सगळं आयुष्य मी बाजूच्या शिटवर बसून काढलं रे," म्हणाल्या, "ह्या एका गाडीत तेवढी स्टेरिंगवर होती."

मी पाना उगाचच पुसत बसलो.

संध्याकाळी साहेबांना सरळ विचारलं. आधी म्हणाले, साक्षीदार हाये का. मग खाली पाहून म्हणाले, "नागपूरची पार्टी हाये. जागा अडते, जीव अडते त्या गाडीत. आईले सध्या सांगू नको."

मी म्हणालो, "साहेब, आईले तुमच्या आंधी ठाऊक हाये."

त्यांना पटलं नाही. कोणाचंच पटत नाही त्यांना!

*

नागपूरवाले शेठ आले. त्याच सकाळी ओसरीच्या कठड्यावर हरवलेले सगळे रिले आणि फ्यूज एका ओळीत मांडलेले सापडले. बब्बू म्हणाला, "देखा, बंदर शरमा गए!" मी सगळं बसवलं. शेठला घेऊन बैहर रोडच्या घाटात गेलो. काय सांगू! टर्बो लागला आणि गाडीने ठसका तर सोडाच, श्वाससुद्धा घेतला नाही. अशी चढली की शेठने दोन्ही हातांनी सीट धरली. माझं काम झालं होतं आणि मला आनंद होईना.

घरी आल्यावर व्यवहार झाला. काकूंनी भांडण केलं नाही, डोळ्यात पाणी आणलं नाही. फक्त म्हणाल्या, "थांबा. लेकीले रिकामं धाडत नाईत." आत गेल्या, हळद-कुंकू आणलं. पुढे बॉनेटला लावलं. मग गाडीच्या मागे गेल्या आणि टाकीच्या झाकणापाशी बराच वेळ वाकून राहिल्या. साहेबांनी तोंड फिरवलं, त्यांना वाटलं आई रडतेय.

शेठ वारासिवनीच्या रस्त्याने निघून गेले.

दुपारी फोन आला. कटंगीत, भर बाजारात, बैलांच्या मधोमध गाडी बंद! मी आणि बब्बू पोचलो. पंप ठीक. रिले ठीक. रेल, इंजेक्टर, सगळं ठीक. टाकीचं झाकण फिरवलं तर आत 'सूंऽऽ' करून हवा ओढली गेली. झाकणाचं बारीक भोक बुजलेलं, आणि वरून एक लाल ठिपका.

शेठ म्हणाले, "ये क्या है?"

बब्बू म्हणाला, "नेलपॉलिश है साहब. ये निशान तो वकीलसाहब लगाते हैं."

शेठला वाटलं, वकिलाने जाणूनबुजून फसवलं. नखाने ठिपका खरवडला असता तर गाडी नागपूरपर्यंत सुसाट गेली असती. मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो! पण तेवढ्यात शेठ माझ्यावरच ओरडले, "तुम सब मिले हुए हो!" मग मी काहीच सांगितलं नाही.

गाडी ट्रॅक्टरमागे बांधून आणली. शेठने किल्ली साहेबांच्या हातात आदळली आणि सौदा मोडून बसने निघून गेले.

काकू फाटकात उभ्या होत्या, हातात पाण्याचा लोटा. बाहेरून आलेल्या बैलाच्या पायावर घालतात तसं चारही चाकांवर पाणी घातलं. लोटा धरलेल्या हाताच्या अंगठ्याचं नख लालभडक होतं.

साहेबांनी नखाकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. "आई, हे काय?"

"साक्षीदार हाये का?" काकूंनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बब्बूकडे पाहिलं. बब्बू झाडावर माकडं शोधत होता.

काकूंनी साहेबांच्या हातातून किल्ली काढून घेतली, पदर खोचला, आणि दार उघडता उघडता मला म्हणाल्या, "प्रकाश, रिटर्न लाइन चांगली बसवली रे तुनं!"