हिची गाठ ठेवायला फ्रीझर नव्हता

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कचरा वेगळा करणं. काच एकीकडे, कागद दुसरीकडे, खरकटं डब्यात. या कामात ही हेडमास्तरीण. मी दह्याचा डबा न धुता टाकला की माझी खैर नसायची. त्या संध्याकाळी हिनेच अंड्याची टरफलं कागदात टाकली. मी काढली, हिने परत टाकली.

"अगं, डोळे कुठं आहेत तुझे?"

"डाव्या बाजूचं दिसतच नाहीये हो," ती म्हणाली. घाबरली नव्हती, वैतागली होती.

सकाळी फिट आली. ॲम्ब्युलन्स, स्कॅन, मग एका छोट्या खोलीत डॉक्टर आमच्यासमोर बसले. म्हणाले, "ग्लिओब्लास्टोमा." म्हणजे मेंदूतच उगवणारी, झपाट्याने वाढणारी कॅन्सरची गाठ. "काढता येईल तेवढी काढू. पण ती परत येते." सरळ बोलले, बरं वाटलं. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही सरळ विचारा. आणि कुणाला तरी सोबत न्या. पहिल्या दिवशी आपल्या कानात काही शिरत नाही. आमची मुलगी मनीषा होती म्हणून निभावलं.

ऑपरेशन झालं. इथे वेल्समध्ये वॉर्डात पलंगामागे पाटी असते, पेशंटला काय हाक मारायची त्याची. नर्सने मला विचारलं, "घरी काय म्हणता यांना?" मी खरं ते सांगितलं, "अगं." तिने तेच लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून नर्सा, चहा देणारा, झाडूवाली, सगळे सुरू: "मॉर्निंग, अगं!" टाके घातलेलं डोकं धरून ही हसली. "अहो, अख्खा वॉर्ड माझा नवरा झाला की!"

आमच्या वेळी बायकोला नावाने हाक मारत नसत. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच.

गाठ परत आली. मनीषाने केंब्रिजला एका नव्या औषधाची ट्रायल शोधली. ट्रायल म्हणजे औषध माणसांना देऊन बघणं. त्यांनी गोठवलेली गाठ मागितली. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा लगेच अतिथंडीत ठेवला, तरच त्याची पुरती तपासणी होते, असं ते म्हणाले. हिच्या गाठीचा तुकडा नेहमीसारखा मेणात घालून ठेवलेला. आमच्या हॉस्पिटलात गोठवायची सोयच नव्हती. डॉक्टरांचा यात दोष नाही. त्या औषधाने ती वाचली असती असंही मी म्हणत नाही. पण ट्रायलच्या दारापर्यंत तरी गेली असती.

शेवटी ती घरीच वारली. मनीषाचा हात धरून.

नंतर ब्रेन ट्यूमरच्या संशोधनासाठी झटणाऱ्या संस्थेतली केरिस घरी आली. तिने समजावलं, वेल्समधली हॉस्पिटलं लंडनच्या नाही, कार्डिफच्या सरकारच्या हाती. म्हणून भांडायचं ते कार्डिफला. मागणी एकच, प्रत्येकाची गाठ गोठवून ठेवायची सोय करा. तिथल्या विधिमंडळाच्या कमिटीपुढे बोलायला पेशंटच्या घरचं माणूस हवं होतं.

"मी चौथी शिकलेला. जन्मभर बेकरीत पाव भाजले. मी काय बोलणार?"

"जे मला सांगितलंत तेच," ती म्हणाली.

मनीषाला घेऊन कार्डिफला गेलो. कमिटीत एक सभासद वेल्शमध्ये, म्हणजे इथल्या मूळ भाषेत, बोलायला लागला. ज्यांना वेल्श येत नाही त्यांनी मुकाट्याने भाषांतर ऐकायचं यंत्र कानाला लावलं. आपल्या भाषेची लाज नाही यांना! मला धीर आला. म्हटलं, मग माझं मोडकं इंग्लिशही घेतील ऐकून. माझं "माय वाइफ, माय वाइफ" चाललं होतं. अध्यक्षबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "त्यांचं नाव काय होतं?"

मनीषा सांगणार होती. मी तिला हाताने थांबवलं.

"शालिनी," मी म्हणालो. पुढचं मग आपोआप आलं. "तुमच्या प्रत्येक दुकानात मटार गोठवायला फ्रीझर आहे. माझ्या शालिनीची गाठ ठेवायला नव्हता."

कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी सगळ्यांना विचारलं, यावर सभागृहात चर्चा व्हावी का? सगळे हो म्हणाले. बाहेर आल्यावर केरिसने मला मिठीच मारली. "आता मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागेल!"

मनीषा डोळे पुसत म्हणाली, "बाबा, तुमची भाषण मस्त झाली." तिचं मराठी तसलंच आहे.

फ्रीझर अजून आलेला नाही, खोटं कशाला सांगू? पण शालिनीची गोष्ट ज्यांच्या कानावर जायला हवी होती त्यांच्या कानावर गेली. छातीवरचा धोंडा उतरला. ट्रेनमध्ये मी घोरत आलो म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर चक्क भूक लागलेली. पोहे केले. मीठ जास्त पडलं, तरी खायला बसलो. तेवढ्यात केरिसचा फोन. एका माणसाच्या बायकोचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, त्याच्याशी बोलाल का? मी म्हटलं, जोडून दे.

"भाऊ," मी त्याला माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं, "आजच सर्जनला विचार, काढलेली गाठ कशात ठेवणार? लाजू नको. आणि गोठवत नसतील तर कुठे गोठवतात तेही विचार."

तो रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. पोहे गार झाले, ते नंतर खाल्ले.