दस्तीखालची मतं

लातूरच्या मार्केट यार्डात तुम्ही कधी आला असाल, तर पार्वतीबाई तुम्हाला दिसली असणार. तुम्ही तिच्याकडं पाहिलं नसेल, एवढंच. आडत दुकानापुढं तुरीचा ढीग, ढिगाशेजारी तीन बांबूंवर टांगलेली मोठी चाळणी आणि चाळणीमागं धुळीनं भुवयांपर्यंत पांढरी झालेली बाई. तीच ती. अशा आणखी चाळीस बाया यार्डात आहेत.

मी त्याच ओळीतल्या एका आडतीवर चौतीस वर्षं मुनीम होतो. आता घरी बसलोय म्हणतात, पण सौद्याची वेळ झाली की पाय तिकडं वळतातच. बायको म्हणते, "जा, कोणाचं काय चाललंय ते वेचून या." खोटं कशाला बोलू, तेवढ्यासाठीच जातो.

पार्वतीबाई मूळची चाकूरकडची. नवरा आनंदराज यार्डातला हमाल. देखणा गडी होता आणि ते त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊनसुद्धा भांग मोडू द्यायचा नाही. नऊ वर्षांमागं ट्रकला लावलेल्या फळीवरून पाय घसरला आणि गेला. मागं राहिली पार्वतीबाई, मुलगी लुंबिनी आणि पितळेचा बिल्ला, नंबर तीनशे अठरा.

बिल्ला म्हणजे काय ते सांगतो. दंडावर बिल्ला असला तर तुम्ही कागदावर हमाल. मग दवाखाना आहे, बोनस आहे, म्हातारपणी चार पैसे आहेत. बिल्ला नसला तर आयुष्यभर धूळ खाल्ली तरी तुम्ही कोणीच नाही. त्या चाळीस बायांपैकी एकीलाही बिल्ला नव्हता. पार्वतीबाईला वारस म्हणून नवऱ्याचा मिळाला, पण हमालांच्या कुठल्या टोळीनं तिला कामाला घेतलं नाही. "बाईनं पोतं उचलायचं कसं?" म्हणाले. तिनं बिल्ला पदराला लावला आणि चाळणीवरच राहिली.

टोळ्यांचा मोठा मुकादम ईश्वरप्पा. निलंग्याकडचा, झुपकेदार मिशीचा, बोलायला लई गोड. पार्वतीबाई दर संक्रांतीला त्याला विचारायची, "माझ्या चाळीस बायांच्या बिल्ल्याचं काय?" तो दर संक्रांतीला तिळगूळ देऊन म्हणायचा, "होऊन जाईल, अक्का." पाच वर्षं तिळगूळ तेवढा मिळाला.

गेल्या फाल्गुनात निवडणूक लागली. राज्यभरच्या बाजार समित्यांमधल्या हमालांचा एक महासंघ आहे. त्यांचा एक श्रम प्रतिनिधी असतो. मुंबईत कामगार आयुक्तांपुढं बसून तो हमालीचे दर बोलतो, आणि नव्या बिल्ल्यांची यादी त्याच्या सहीशिवाय हलत नाही. मतं सगळ्या राज्यातल्या बिल्लेवाल्यांची, पण उमेदवार एकेका भागाचा, दोन-दोन खेपा आळीपाळीनं. ही मराठवाड्याची पहिली खेप. नियम एकच आणि कडक: पक्षाचा झेंडा नाही, पुढाऱ्याचा फोटो नाही. ईश्वरप्पानं अर्ज भरला. बिनविरोध होणार म्हणून पेढेही सांगून ठेवले होते. शेवटच्या दिवशी पार्वतीबाई पदराचा बिल्ला पुसत ऑफिसात गेली आणि तिनंही अर्ज भरला.

त्याला चिन्ह मिळालं पोतं ओढायचा आकडा, हिला चाळणी. झालं, यार्डाला आठवडाभराचा विषय मिळाला. हणमंत म्हणून एक तोंडाळ हमाल आहे, तो भर चहाच्या टपरीवर ओरडला, "मावशे, चाळणीत मत टिकतंय का गं? समदं गळून जाईल की!"

पार्वतीबाई हात न थांबवता म्हणाली, "चाळणीतून माती गळते रे हणमंता. म्हणून तर तू खाली उभा हायस."

त्या दिवशी हणमंताच्या चहाचे पैसे मी दिले. त्याला गरज होती.

एका पक्षाच्या माणसानं तिला गुपचूप फ्लेक्स करून पाठवला. वर त्याच्या साहेबांचं हसरं तोंड, खाली कोपऱ्यात ही. तिनं फ्लेक्स उलटा करून तुरीखाली अंथरला. "धान मातीत सांडत न्हाई आता," म्हणाली. साहेब आठ दिवस तुरीखाली हसत होते.

अडचण वेगळीच होती. हमाल तिच्याशी बोलायला भीत. काम देणारा मुकादम ईश्वरप्पा, तो वखारीच्या पायरीवरून सगळं बघतोय. कोण कोणाशी बोलला ते संध्याकाळपर्यंत त्याला कळायचं. तेव्हा मी एक चावटपणा केला. तिला म्हणालो, "पार्वतीबाई, दस्ती घे."

आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात. पूर्वी यार्डात सौदे दस्तीखाली व्हायचे. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं धरणार, भाव बोटांनी ठरणार, भोवतालच्या शंभर माणसांना पत्ता नाही. आता सरकारनं उघडा लिलाव केला, पण जुन्या हमालांच्या बोटांत ते अजून आहे. ठरलेला सौदा मोडला तर त्या माणसाशी पुन्हा कोणी हात मिळवायचा नाही, हेही आहे.

पार्वतीबाईनं निळी दस्ती घेतली. पोतं उतरवून कोणी घाम पुसायला थांबला की ही जवळ जायची, "जयभीम, पाव्हणं. एक बोट धरा म्हंजे हाव, मूठ मिटा म्हंजे न्हाई." बाईमाणसानं गड्यांचे हात धरत फिरावं म्हणून काही कुजबूज झाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई ती! हणमंताची बायको सरस्वती तर भांडायलाच आली.

"माझ्या नवऱ्याचा हात कशाला धरलास?"

"धरला आन् सोडून दिला. तुला पुरं आयुष्य धरायचाय, बाई, मलाच तुझी कीव येती."

सरस्वती हसत घरी गेली.

बारा दिवसांत दस्तीखाली दोनशे बारा जणांनी बोट धरलं. पार्वतीबाई ज्वारीच्या दाण्यांनी मोजायची, एक बोट एक दाणा, डबा भरत चालला. मीही फुगलो होतो. युक्ती माझीच ना.

नांदेडला मात्र ती एकाच दिवसासाठी गेली, सकाळच्या एसटीनं, लुंबिनीला घेऊन. मी विचारलं, "दस्ती नेलीस का?" ती म्हणाली, "त्यांचे हात माझ्या वळखीचे न्हाईत. काय धरू?" तिथं ती नुसती एका पोत्यावर उभी राहिली. लुंबिनीनं नंतर सांगितलं, आई पाच मिनिटंच बोलली. "माझ्या नवऱ्याचा बिल्ला मला आला, पर काम आलं न्हाई. माझ्या बायांना काम हाय, पर बिल्ला न्हाई. दोन्ही एका ठिकाणी आणायला मी उभी हाय." एवढं बोलून पाणी प्याली आणि परतीची एसटी धरली.

मतमोजणी झाली. नांदेडच्या पेटीत बहुतेक मतं चाळणीला. कुठल्या कुठल्या लांबच्या बाजारांतून, जिथं तिचा फक्त मोबाइलवर फिरलेला फोटो पोचला होता, तिथूनही बरी मतं पडली. शेवटी लातूरची पेटी उघडली. दोनशे बाराऐवजी चाळणीला निघाली चौऱ्याण्णव. सगळ्या राज्याचा मेळ घातला तर पार्वतीबाई एकोणचाळीस मतांनी पडली.

मी दुसऱ्या दिवशी यार्डात गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर ती नेहमीसारखी चाळत होती. मी खोटं खोटं खोकलो.

"बसा मुनीमजी. तोंड कशाला लपवून राहिलात?"

"माझी युक्ती वाया गेली."

"तुमची युक्ती शेटलोकांची. दस्तीखाली दोन मानसं असतात. हात माझ्या हातात, डोळे माझ्या डोळ्यात. कोन म्हनंल न्हाई? पेटीपाशी मानूस येकला असतो." ती थांबली. "काहींचं बोट लई थंड लागलं होतं. मला तवाच कळायला पाह्यजे होतं. पर मी दाणा टाकत गेले डब्यात."

मग हलकेच म्हणाली, "येकोनचाळीस मतं, मुनीमजी. माझ्या बाया चाळीस हायेत."

मी उठून तिच्या चाळणीत एक सूप तूर ओतली.

त्याच आठवड्यात ईश्वरप्पाचा सत्कार ठेवला होता, यार्डातच, लिलावाच्या ओट्यावर. हार, शाल, ढोलकी सगळं. पार्वतीबाई गर्दीतून सरळ पुढं गेली. लोकांना वाटलं, अभिनंदन करायला आली असंल. तिनं निळी दस्ती काढून हातावर टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"ईश्वरप्पा, तीन वर्सांनी पुन्ना निवडणूक हाय. पार्वती उभी ऱ्हानार न्हाई. बोल, ह्याचा भाव काय?"

ढोलकी थांबली. ईश्वरप्पाच्या मिशीला घाम आला. लातूरनं जिंकवलं, पण नांदेड त्याच्या विरुद्ध गेलं होतं, आणि एकोणचाळीसचा आकडा त्यालाही झोपू देत नव्हता. पुढच्या वेळी ही बाई दहा गावं फिरली तर?

"अक्का, हे इथं कशाला..."

"इथंच. सौदा हाय. हात घाल."

तीनशे हमाल बघत होते. सौद्याला बोलावलेल्या माणसानं हात मागं घेतला, तर त्याला उद्या कोण मुकादम म्हणेल? त्यानं हात घातला.

दस्तीखालचा सौदा मी हजार वेळा पाहिलाय, पण असा नाही. दोघांचीही तोंडं दगडाची. दस्ती मात्र उंदीर शिरल्यासारखी हलत होती. मध्येच ईश्वरप्पानं मान हलवली. हिनं हात झटकला, पुन्हा धरला. हणमंत माझ्या कानात म्हणाला, "मुनीमजी, किती?" मी म्हणालो, "गप." मलाही कळत नव्हतं, पण ते त्याला सांगायचं कशाला?

शेवटी ईश्वरप्पानं हात बाहेर काढला, वर केला आणि म्हणाला, "झाला."

महिन्यानं त्याच्या सहीची यादी कामगार कार्यालयात गेली. नावं सत्तावीस. मी पार्वतीबाईला विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, तिनं चार बोटं धरली, म्हणजे चाळीस. त्यानं एक, म्हणजे दहा. मग हिनं तीन, त्यानं दोन, मग वरचे सुटे सात.

"तेरा राहिल्या की गं," मी म्हणालो.

"हाव. त्या तेरांची नावं मला तोंडपाठ हायेत. सिंधुचं नाव राहिलं, ती माझ्याशी चार दिवस बोलली न्हाई. बरोबरच हाय तिचं."

मला राहवेना. चिडवायची खोड जात नाही. म्हणालो, "पण तू घाट्यात गेलीस, पार्वतीबाई. सत्तावीस बिल्ल्यांपायी खुर्ची कायमची घालवलीस. पुढच्या वेळी निवडून आली असतीस."

तिनं चाळणीला एक हिसका दिला. तुरीवरची धूळ माझ्या धोतरावर. समोर लुंबिनी दुसऱ्या चाळणीवर होती, तीही त्या चाळीसांतलीच. तिच्या दंडावर नवाकोरा पितळी बिल्ला, अजून सुतळीनं नीट बांधता येत नव्हता, घसरून कोपरावर यायचा. सत्तावीसपैकी पहिलं नाव तिचं.

"मुनीमजी," पार्वतीबाई म्हणाली, "सौदा मोडायचा नसतो. पार्वती उभी ऱ्हानार न्हाई म्हनाले, तर न्हाईच ऱ्हानार."

मग मुलीला हाक मारली, "लुंबे, बिल्ला वर घे. पोट्टे, नीट बांध. सुट्टीच्या दिवशी नांदेडला जायचंय आपल्याला. पोत्यावर उभं राहून बोलायची सवय लागली पाह्यजे तुला."