लाईनवरची रेकॉर्ड

शनिवारी संध्याकाळी नाईक ज्ञानोबा ओपीवर चढला. ओपी म्हणजे टेहळणीची जागा. आमच्या बंकरच्या पुढं, उघड्या कड्यावर दगड रचून केलेली, एका माणसापुरती. तो टेंभुर्णीचा. मी पिंपळगाव रेणुकाईचा, बंकरमधला सिग्नलमन; तो मला गावावरून रेणुकाईच म्हणे. सीमेवरच्या त्या पोस्टवर जालन्याचे आम्ही दोघंच. ओपी आणि बंकर यांच्यामध्ये टेलिफोनची एकच तार होती. ज्ञानोबा दुश्मन बघणार, तारेवरून सांगणार, मग आमची मॉर्टार, म्हणजे उखळी तोफ, फायर करणार.

ओपीवर रेडिओला मनाई होती. बंकरमध्ये ट्रान्झिस्टर होता. दर रविवारी सकाळी मुंबई केंद्र विस्मरणात गेलेल्या रेकॉर्डी लावी. ज्ञानोबाच्या आईनं लग्नाआधी एक रेकॉर्ड गायली होती. बाईनं आवाज विकला म्हणून सासरच्यांनी ती फोडली. पुढं ती कधी गायलीच नाही. ज्ञानोबानं दोन वर्षं केंद्राला कार्डं टाकली. अखेर निवेदिकेनं सांगितलं, रेकॉर्ड सापडली आहे, येत्या रविवारी लावू. नेमका त्या रविवारी तो ओपीवर.

मी सुभेदार साहेबांना विचारलं.

"तारेवर गाणं?" ते म्हणाले. "तू लाईन टेस्ट कर. आवाज कुठला ते मी विचारत नाही. त्यानं लाईन मागितली की गाणं बंद."

सकाळी मी फोन ट्रान्झिस्टरला टेकवला.

"रेणुकाई, खरखर लै हाय," ज्ञानोबा म्हणाला. "मुंबईवाल्यांना म्हणावं घसा साफ करा."

"गप ऐक."

निवेदिका म्हणाली, गायिकेचं नाव उपलब्ध नाही.

"नाव हाय तिला," तारेवरून आवाज आला. "पार्वती."

आजही संताप होतो. रेकॉर्ड कंपनीनं आवाज घेतला, नाव टाकून दिलं. गावानं नाव घेतलं, ते टोमणा मारायला.

गाणं सुरू झालं. तरुण, करारी आवाज. धृपद झालं. पहिलं कडवं संपलं आणि पहिला गोळा कड्याखाली फुटला. माझा हात बटणाकडं गेला, त्याआधी तो बोलला.

"बंद कर. लाईन दे."

मी बंद केलं. सुभेदार साहेबांनी फोन घेतला.

"दुश्मनाची मॉर्टार, डाव्या नाल्यात," ज्ञानोबानं सांगितलं. "फायर."

आमचा गोळा गेला.

"ड्रॉप फिफ्टी." म्हणजे पन्नास मीटर अलीकडं.

दुश्मनाचा दुसरा गोळा ओपीच्या जवळ पडला.

"ज्ञानोबा, खाली ये," साहेब म्हणाले.

"साहेब, वाटेवर राशन पार्टी हाय. सहा जण, उघड्यावर. ते आडोशाला जाईस्तोवर न्हाई येत. राईट ट्वेंटी. फायर."

आमचा गोळा सुटला.

"बराबर," तो म्हणाला. "तिथंच टाका."

आम्ही तिथंच टाकत राहिलो. दुश्मनाची मॉर्टार थांबली. पण तिचा शेवटचा गोळा ओपीवर पडला होता. मी फोनचं हँडल फिरवत राहिलो. साहेबांनी माझा हात धरला तेव्हा थांबलो. राशन पार्टी वर पोचली, सहाच्या सहा.

रजेवर आल्यावर आधी टेंभुर्णीला गेलो. ज्ञानोबाच्या आईनं चहा ठेवला. माझा कप रिकामा झाल्यावर तिनं विचारलं.

"ऐकलं का त्यानं?"

"ऐकलं, मावशी."

"कुठवर?"

"पहिलं कडवं. मंग त्यानंच बंद करायला लावलं."

तिनं कप उचलला. दाराशी जाऊन थांबली.

"दुसऱ्यात आवाज लागला व्हता माझा," ती म्हणाली.