मामेसासऱ्यांचं फडकं

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट केवळ कुणी सांगितली म्हणून खरी मानलेली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हेसुद्धा त्यांनी मेढ्याच्या घराच्या ओट्यावर फौजेतलं होकायंत्र ठेवून तीन दिवस ताडून पाहिलं आणि मगच मान्य केलं, असं मामी सांगतात. तेही "थोडा दक्षिनंकडं सरकतोय, पर ठीक हाय," असा शेरा मारून. मामा म्हणजे माझे मामेसासरे. सैन्यात टेलिफोनच्या तारा ओढता ओढता सुभेदार झाले, निवृत्त होऊन गावी आले, आणि तेव्हापासून त्या पंचक्रोशीत कुणालाही सुखानं थाप मारता येईनाशी झाली. समोरचा बोलायला लागला की मामा त्याच्या तोंडाकडे असे टक लावून बघतात की खरं बोलणारा माणूसही चाचरायला लागतो. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी त्यांच्यापुढे फक्त हवापाण्याविषयी बोलत असे, आणि तेही आधी खिडकीतून बाहेर बघून खात्री करून.

त्यांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी असते. तिच्यात पक्कड, टेस्टर, विजेचा मीटर, काळी चिकटपट्टी आणि एक स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं. बाकीची हत्यारं तारांसाठी, फडकं माणसांसाठी. कुणी म्हणालं की सेंद्रिय गुळाची चवच न्यारी, तर मामा वाद घालत नाहीत. ते फडकं काढतात. "डोळं बांधतो. दोन खडं देतो. कंचा कुटला ते सांगायचं." गुडघेदुखीवरचं चुंबकाचं कडं, ओढ्यापलीकडच्या विहिरीचं गोड पाणी, मुंबईच्या पाहुण्यांनी आणलेला उंची चहा, सगळे या परीक्षेला बसले आणि बहुतेक नापास झाले. मात्र मामांचा एक नियम आहे. पहिलं फडकं ते स्वतःच्या डोळ्यांवर बांधून घेतात. उखळात कुटलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची सर मिक्सरच्या चटणीला नाही, असं ते जन्मभर म्हणत आले होते. एकदा मामींनी तेच फडकं त्यांच्या डोळ्यांवर आवळलं आणि दोन वाट्या पुढे केल्या. मामांनी बोटं चाटून चाटून मिक्सरच्या चटणीला पहिला नंबर दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुसळ माळ्यावर टाकलं. "चाळीस वर्सं कुटलं मी," मामी म्हणाल्या, "ह्ये फडकं आदी कसं न्हाई सुचलं मला?"

अशा माणसापासून मी एक गोष्ट लपवून ठेवली होती. साताऱ्याच्या कचेरीतली नोकरी सांभाळून मला गाणं ऐकण्याचा नाद आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सांगलीला एका डॉक्टरांच्या बंगल्यात आम्ही पाच जण जमतो. सुरुवातीला गाणं ऐकत होतो. मग हळूहळू यंत्र ऐकायला लागलो, आणि शेवटी तारा. डॉक्टरांनी स्पीकरला एक नवी, मनगटाएवढी जाड तार लावली, तेव्हा बाकीच्यांनी डोळे मिटून माना डोलावल्या. कुणी म्हणालं, पडदा बाजूला झाला. कुणाला तबल्याची शाई दिसायला लागली. मला पूर्वीइतकंच ऐकू येत होतं. मी "वा" म्हणालो, पण मनातून घाबरलो. कारण माझ्या वडिलांचे कान बरोबर याच वयात गेले. शेवटची दहा वर्षं घरात सगळे हसले की तेही हसायचे, पण जरा उशिरा. ते उशिराचं हसणं मी विसरलेलो नाही.

म्हणून मीही तसलीच तार घेतली. गाण्यासाठी नाही, कान तपासण्यासाठी. एका तारेत फरक कळला नाही म्हणून दुसरी घेतली. मग तारा जमिनीला टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली ठेवायचे लाकडी ठोकळे आणले. हिला सांगितलं की ते ठोकळे तारांबरोबर फुकट आले. दर वेळी मी दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये बसायचो, श्वास रोखून ऐकायचो, आणि काहीच वेगळं ऐकू यायचं नाही. प्रत्येक तार मला सांगत होती की तुझे दिवस भरत आले. मी कुणाशी बोललो नाही, कानाच्या डॉक्टरकडेही गेलो नाही. तिथे मशीन खरं सांगेल याचीच भीती होती.

मामा दर दोन महिन्यांनी मिलिटरी कँटीनच्या निमित्तानं आमच्याकडे मुक्कामाला येतात. तसे ते आले आणि पिशवी ठेवायच्या आधी त्यांची नजर ठोकळ्यांवर गेली.

"तारंला पाट मांडल्यात? जेवाय बसवली का काय?"

मी कळकळीनं तारांचं सगळं सांगितलं. या तारेला दिशा असते, तो बाण बघा. नवी तार दोनशे तास वाजवून मुरवावी लागते.

"बान? आन मुरवायचं? लोनचं हाय व्हय ते?" मामा गुडघ्यावर बसले आणि तारेवरून हात फिरवला. "जावयबापू, उभी हयात मी तारा ओडल्या. गंजक्या तारंतनं बी सायबाचा आवाज सायबाचाच यायचा. शिवी तर लय सोच्छ यायची." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "तुमाला काय फरक ऐकू येतो?"

त्या नजरेपुढे माझी थाप टिकणं शक्यच नव्हतं. "काही नाही," मी म्हणालो. "मामा, मला काहीच फरक ऐकू येत नाही. बाकी सगळ्यांना येतो." आणि मग वडिलांचंही सांगून टाकलं. मामा हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. हातातली तार ठोकळ्यावर परत ठेवली आणि म्हणाले, "फुडच्या रैवारी मी येतो सांगलीला."

ते आले ते वायरचं एक भेंडोळं घेऊन. घराच्या वायरिंगमधून उरलेली ही वायर मामी पंधरा वर्षं कपडे वाळत घालायला वापरत होत्या. तिला एका जागी चिमट्याचा तुकडा चिकटलेला होता. डॉक्टर मोठ्या मनाचे. हसून परीक्षेला तयार झाले. पाच जणांना एक फडकं पुरणार नव्हतं म्हणून यंत्रापुढे चादर धरली. मागे डॉक्टरांच्या पत्नी नाणं उडवणार, नाणं सांगेल ती तार मामा जोडणार, आणि आम्ही एकच ठुमरी दहा वेळा ऐकून कुठली तार ते कागदावर लिहिणार. "पैलं तुमी बसा," मामा म्हणाले आणि चादरीमागे गेले. स्वतः पहिले बसले नाहीत, हे मला खटकलं. पण तेव्हा मी माझ्याच निकालाच्या धास्तीत होतो, त्यावर फार विचार केला नाही.

सहा वेळा मी निव्वळ अंदाजानं लिहिलं. सातव्या वेळी गाणं सुरू झालं आणि मी दचकलो. आतापर्यंत ठुमरी गाणारी बाई जणू दोन्ही स्पीकरच्या मध्ये बसून गात होती. आता ती मध्ये नव्हती. आवाज दोन्ही भिंतींकडे पांगला होता आणि डग्ग्याचा घुमारा कुठेतरी विरून गेला होता. मी इकडेतिकडे बघितलं. बाकीचे माना डोलावत होते. मी तार कुठली ते न लिहिता लिहिलं, "हे बिघडलंय. बाई मध्ये नाही."

चादर काढली आणि कागद वाचले गेले. कपड्यांची वायर कुठली आणि डॉक्टरांची तार कुठली, कुणालाच ओळखता आलं नव्हतं. चिंचोके टाकून लिहिलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. सातव्या फेरीला तर तिघांनी लिहिलं होतं, "महागडी तार. काय मोकळा आवाज आहे." मामांनी माझा कागद दोनदा वाचला. "सातव्याला मी एका स्पीकरची दोन टोकं उलटी जोडली हुती," ते म्हणाले. "तवा खरंच बिगडतं. एवढ्या मान्सांत एकाच गड्याला कळलं. जावयबापू, तुमचं कान टकुऱ्यावर नीट बसल्यात. घरी जाऊन झोपा."

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी डॉक्टरांच्या बागेतल्या पेरूच्या झाडाची चौकशी करत बाहेर गेलो. किती महिने ते ओझं घेऊन फिरत होतो ते उतरल्यावरच कळलं. निघताना डॉक्टर जरा संकोचून मामांना म्हणाले, "ती वायर इथंच राहू द्या की." मामांनी भेंडोळं गुंडाळलं. "न्हाई जमनार. घरी धुनं खोळंबलंय."

परतताना कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. मी भलताच खुशीत होतो. "मामा, आज तुमचा नियम मोडलात. पहिले तुम्ही का नाही बसलात?" त्यांना कळलं नाही. मी त्यांच्या समोर जाऊन पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, आणि इतकी वर्षं ज्या नजरेला मी संशय समजत होतो ती काय होती ते मला कळलं.

"आवं, मला कुटं ऐकू येतंय," ते म्हणाले. "उजवा कान तोफखान्याच्या लायनीवर असतानाच गेला. डावा आता चाललाय. तुमच्याकडं येतो ते कँटीनला न्हाई, दवाखान्यात येतो. कानाला मशीन लावून दिलंय, पर त्यात निस्ती भांडी वाजत्यात."

"मामींना माहीत आहे?"

"तिला समदं म्हायती हाय. म्हायती न्हाई असं दावती. म्हनून तर मोठ्यानं भांडती." त्यांनी बशीतला चहा संपवला. "टोकं उलटी केल्यावर बिगडतं, ह्ये माझ्या हाताला ठावं हाय. कसं बिगडतं ते मी इसरलो हुतो. तुमी लिवलंत, बाई मदी न्हाई. बरं वाटलं वाचून."

स्वतः सुटल्याचा आनंद होताच, तो खोटा कशाला म्हणू. पण ज्यानं माझे कान तपासून मला सोडवलं, त्याच्याजवळ स्वतःचे कानच नव्हते.

माझी महागडी तार आता मेढ्याला मामींच्या परसात आहे. जाड असल्यामुळे ओल्या गोधड्या पेलते. मामांनी ती बाण उगवतीकडे ठेवून बांधली आहे. आणि दर दोन महिन्यांनी मामा येतात, एका स्पीकरला खेटून बसतात आणि एक तळहात त्याच्या लाकडावर ठेवतात. "काय चाललंय?" ते विचारतात. मी त्यांच्या समोर बसून, ओठ नीट हलवत सांगतो. आता बाईनं वरचा सूर घेतला. आता तबला थांबला. आता सारंगी एकटीच आहे. जे ऐकू येत नाही ते मी सांगत नाही. उगीच "वा" म्हणणं मी सोडलंय.

मागच्या खेपेला मी गमतीनं म्हणालो, "मामा, मी सांगतो ते सगळं खरं मानता? फडकं नाही काढायचं?"

त्यांनी स्पीकरवरचा हात उचलला नाही. "तुमचं कान मी तपासून घेतल्यात," ते म्हणाले. "सांगा फुडं. सारंगी एकटीच हाय, मग?"