चिकटलेलं पान

मुकुंददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात दुकानावर संत्री रचत होतो. दादा माझा आतेभाऊ, अमरावतीचा गणिताचा प्राध्यापक. खरं सांगतो, रडू यायच्या आधी आठवलं... ते पान.

निवृत्तीनंतर दादा एकाच प्रश्नामागं होता. एक नियम, जो पृष्ठभागावरचा ठिपका उचलून दुसरीकडं ठेवतो. तोच पुन्हा पुन्हा लावायचा. रेघांचे गट पाडले की नियम त्यांचं काय करतो हे आकड्यांच्या छोट्या चौकटीत मावतं. नियम दहादा लावला तर चौकट दहादा गुणायची. "मग भानगड काय?" मी विचारलं.

"काही जागी नियमाले उत्तरच नसते, नंद्या. अख्खी रेघ चिरडून एक ठिपका झाली, अन् तो फिरत फिरत अशा जागी पडला, की गुणाकार खोटा. मंग माहं सारं काम खोटं."

या धास्तीनं त्याचं अन्न तुटलं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, म्हणून दर शनिवारी मी जाऊन त्याची हिशोबाची वही त्याला वाचून दाखवायचो. प्रत्येक पानावर चिरडलेली एक नवी रेघ, प्रत्येक ओळीत तिचा ठिपका पुढं कुठं पडला त्याचे तीन आकडे. गणितात काठावर पास झालेला मी, मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. दादा डोळे मिटून ऐकायचा आणि ओळ पटली की म्हणायचा, "समोर," म्हणजे पुढची वाच. मग मी पेन्सिलीनं खूण करायचो.

शेवटच्या शनिवारी वाचता वाचता मी आपलाच माल खात बसलो होतो. संत्र्याचा रस सांडला, दोन पानं चिकटली. गाडी चुकेल म्हणून मी तसाच पुढचं पान वाचू लागलो.

"सुटलं तर नाई ना काही?"

"नाई दादा."

त्यानंतर तो पोटभर जेवू लागला, असं वहिनी सांगतात.

तेरवीला त्याची विद्यार्थिनी निलोफर बार्शीटाकळीहून आली होती. दादाचा लेख आता तीच छापायला पाठवणार आहे. "वही तुमच्याजवळच राहू द्या काका, तपासून झालीच आहे," म्हणाली. मी मान डोलावली. वही घरी आली आणि माझं अन्न तुटलं.

काल चहाच्या वाफेवर पानं सोडवली. आत एकही खूण नव्हती. निलोफरला फोन लावून सगळं सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं.

"सरले वाचून दाखवत होते तसंच वाचा, काका."

पहिली ओळ वाचली. "समोर," ती म्हणाली, अगदी दादासारखं. दुसरी. "समोर." तिसरी, चौथी...

पाचवी ओळ वाचून मी तिच्या ‘समोर’ची वाट पाहत थांबलो. फोन चालू होता, तिकडं पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी पेन्सिल कागदाला टेकवून तसाच बसून राहिलो.