पुढच्या सीटवरची गोणी

कयाक दादाची होती, माझी नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आता मी तिच्यातून समुद्रात जातो तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांना वाटतं की हा शौक माझाच.

दोन माणसांची होडी, पिवळी, जाड प्लॅस्टिकची. आत पाय घालून अडकायचं नसतं, पाटावर बसल्यासारखं वरच बसायचं. शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये टेम्पोतून ती उतरली तेव्हा बघायला सगळी मंडळी जमली.

"काय हो, बदलापुरात समुद्र आणताय की काय?" तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी विचारलं.

"पूर आला की तुमालाच लागंल," दादा म्हणाला. "तवा बघा, डबल भाडं घेतंय की नाय."

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. आमची शेती चिखलोलीकडे होती, ती गेली. त्यानंतर तो त्याच जमिनींवर उभ्या राहणाऱ्या बिल्डिंगांना रेती-विटा पुरवायचा. मी शिकलो आणि अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये लागलो. एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, तो पहिल्या मजल्यावर, मी चौथ्या. रविवारी तो उल्हास नदीवर गळ टाकून बसायचा. पुढे नदीवर जलपर्णीचा गालिचा पसरला, आणि मासा मिळालाच तर त्याला रॉकेलचा वास यायचा. मग तो मोबाइलवर, एकटी माणसं छोट्या होडक्यात बसून भर समुद्रात मासे धरतात, ते बघत राहायला लागला.

"नदी मेली रं, बारक्या," तो म्हणाला. "आता दर्यात जाऊ."

पन्नाशी आली तरी मी बारक्याच. आणि त्या 'जाऊ'मध्ये मी होतो, न विचारता. मला पाण्याची भीती वाटते. पोहता येतं ते विहिरीच्या काठाला धरून. पण हे मी सांगितलं नाही. नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हणतो, "बघू."

कयाक येऊन दोन-तीन महिने झाले असतील, दादाला शर्टाचं बटण लावता येईना. मग हातातून कप पडायला लागले. डॉक्टरांनी जे नाव सांगितलं ते वहिनींना आजही नीट घेता येत नाही. त्याचा अर्थ एवढाच की स्नायू एकामागोमाग एक वाळत जातात आणि त्यावर औषध नाही. आधी हात-पाय, मग मान, वाचा, गिळणं. डॉक्टरांनी हे आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, आणि दादानं ते दाराआडून ऐकलं.

घरी आल्यावर मला म्हणाला, "मना एकदा आत ने. लाटंच्या पलीकडं. वल्हं तू मार, गळ तू धर. मी नुस्ता पुढं बसंन."

"नेतो ना दादा," मी म्हणालो. "आधी मला जरा शिकू दे."

म्हणजे गोष्ट इतकी सरळ होती. त्याची मान उभी राहते आहे तोवर मला लाट पार करायला शिकायचं होतं.

उल्हासनगरला जाऊन लाइफ जॅकेटं आणली. रेनकोट आणि बॅगांचं दुकान, मालक सिंधी, वयस्कर. मी शिवण ओढून ओढून बघत होतो.

"साईं, कितना खींचोगे? डूबेगा नहीं, गॅरंटी है," ते म्हणाले. "डूब गए तो वापस ले आना, दूसरा दूँगा."

दादाला हे सांगितलं तेव्हा तो ठसका लागेपर्यंत हसला. त्याच्यासाठी मोठं जॅकेट घेतलं होतं, लाल. ते त्यानं अंगावर चढवून घेतलं आणि टीव्हीसमोर तसाच बसून राहिला.

पुढच्या रविवारी पहाटे गाडीच्या टपावर कयाक बांधली आणि कर्जत, खोपोली, पेण करत अलिबागच्या बाजूच्या एका किनाऱ्यावर पोचलो. तिथे पर्यटकांना होडीतून फिरवणारे एक कोळी काका होते. त्यांनी वाळूवर बसवून शिकवलं. कयाकचं नाक कायम लाटेकडे ठेवायचं. मोठ्या लाटा येऊन गेल्या की जरा वेळ पाणी दमतं, तेव्हा निघायचं, आणि निघालं की हात थांबवायचे नाहीत. आडवं झालात की उलटलात. उलटलात तर पोटावर आडवं पडून पाय झाडत परत वर चढायचं. हे ऐकायला सोपं होतं.

गुडघाभर पाण्यात गेलो, वर बसलो. उभ्या माणसाच्या कमरेएवढी लाट होती. पण बसल्यावर डोळे पाण्याच्या इतके जवळ येतात की तीच लाट भिंत होते. मी उतरलो आणि कयाक ओढत मागे आलो.

"आज वारा जास्त आहे," मी म्हणालो.

"वारा तुमच्या पोटात हाय, साहेब," काका म्हणाले आणि विडी पेटवायला लागले.

घरी दादा पार्किंगमध्ये व्हीलचेअरवर बसून वाट बघत होता. "कसं झालं रं?"

"जमतंय. मासा नाही लागला."

नवशिक्याला मासा लागत नाही, त्यामुळे ही थाप फार सोपी होती. त्याच्यानंतरचे दोन रविवार मी किनाऱ्यापर्यंत गेलो आणि वाळूत बसून आलो. मग तेही सोडलं. खोपोलीला गाडी बाजूला लावायची, चहा प्यायचा, सीट मागे करून पडायचं, दुपार कलली की परतायचं. टपावर पिवळी कयाक. बाजूनं जाणाऱ्या गाड्यांतली मुलं हात करायची. मीही हात करायचो.

एका रविवारी दादानं कयाकच्या नाकाला बांधलेला दोर चाचपला. बोटं वाकत नव्हती, मनगटानंच. "दोर कोरडा कसा रं?"

"ऊन होतं ना."

पण पुढच्या वेळी निघताना मी घरातून मिठाचा पुडा घेतला. खोपोलीला गाडी धुवायची जागा आहे, तिथून बादलीभर पाणी घेतलं आणि मीठ विरघळवलं. किती पाण्याला किती मीठ घातलं म्हणजे समुद्र होतो, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. जन्मभर लॅबमध्ये हेच तर केलं. दोर भिजवला, कपडे भिजवले, कयाकवर शिंपडलं आणि उन्हात वाळू दिलं. छान पांढरी पुटं धरली.

दादानं दोर बघितला. म्हणाला, "तोंडाशी धर."

मी धरला. त्यानं तो ओठांत घेऊन चोखला. बराच वेळ, डोळे मिटून. मग म्हणाला, "मीठ चांगलं हाय." आणि वहिनींना म्हणाला, "मना वर न्या."

पुढच्या रविवारी त्यानं विचारलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आणि मला काय वाटलं, तेच आजवर कुणाशी बोललो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. रविवारी उशिरापर्यंत झोपलो. त्याचा बोलण्यातला स्पष्टपणा जात होता, मान एका बाजूला कलायला लागली होती, आणि मी वर चौथ्या मजल्यावर पोहे खाऊन पेपर वाचत होतो.

एकदा वहिनी जिन्यात भेटल्या. "भाऊजी, तुमी ह्यांना काय बोललात का?"

"नाही वहिनी. का?"

"ते दर्याचं नावच काढत नाहीत. त्या लाल जाकिटाकडं बघतसुद्धा नाहीत. मी म्हटलं, भावाभावांत काय झालं काय."

त्या रविवारी मी गेलो. खोपोलीला थांबलो नाही. काकांनी मला बघितलं आणि काही टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं. कयाक पाण्यात ढकलली, वर बसलो, वल्हं मारलं. दुसऱ्या लाटेला हात थांबले, कयाक आडवी झाली आणि मी उलटलो. नाकातोंडात पाणी गेलं. जॅकेटनं वर आणलं. बघतो तर पाणी माझ्या छातीएवढंच होतं. मी नुसता उभा राहिलो असतो तरी चाललं असतं.

तिथे खोकत उभा असताना जिभेवर खारट ओसरलं आणि मागून कडू आलं.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही दोघं आजोळी जायचो, उरणकडे. मामा मिठागरावर होते. मीठ ओढून झालं की खाचरात शेवटी थोडं पाणी उरतं, तेलकट, कडूजहर. नवीन पोराला मामा ते चाखायला लावायचे आणि हसायचे. मी थुंकायचो. दादा मात्र दर वर्षी बोट बुडवून चोखायचा आणि मामांना सांगायचा, ह्यात अजून मीठ हाय की नाय. तो कडवटपणा समुद्राच्या पाण्यातच असतो. घरच्या पुड्यातल्या मिठात नसतो, कारण तो काढून टाकलेला असतो. मी केमिस्ट. कडवटपणाला कारण काय ते मला नावानिशी माहीत होतं. पण बादलीत मीठ ढवळताना मला एवढीच घाई होती की ते खारट व्हावं.

दादाला दोर ओठांत घेतल्याबरोबर कळलं होतं. आणि तो म्हणाला होता, मीठ चांगलं हाय.

मी पुन्हा वर चढलो. त्या दिवशी आणखी दोनदा उलटलो आणि मग लाट पार झाली. पलीकडे पाणी नुसतं वरखाली होत होतं, कसला आवाज नव्हता. मी ज्याला घाबरलो ते एवढंच होतं. आनंद झाला नाही. कयाक मात्र सरळ राहीना. नाक हवेत उचललेलं, वारा ते फिरवायचा.

"पुढं माणूस नाय, मग फिरणारच," परत आल्यावर काका म्हणाले. "जोडीची हाय ती. एकट्यानं जायचं तर पुढं वाळूची गोन टाका."

"पुढच्या वेळी माणूस आणतो," मी म्हणालो.

घरी गेलो तो सरळ पहिल्या मजल्यावर. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी पलंगाशी बसलो आणि म्हणालो, "दादा, मी गेलो नव्हतो. इतके दिवस. तो दोर मी खोपोलीला भिजवला होता."

तो घशातून, नाकातून, ओढत ओढत म्हणाला, "म्हाईत हाय."

"आता मला जमतंय. आज गेलो होतो. तुला नेतो, येत्या रविवारी."

पुढचं वहिनींना बाहेर येऊन ओठांवरून ओळखून सांगावं लागलं. "ते म्हणतात, आधी बसून बघू."

संध्याकाळी पार्किंगमध्ये कयाक जमिनीवर ठेवली. पुढच्या सीटवर उशा लावल्या. दादाला लाल जॅकेट घातलं, उचलून बसवलं, कमरेला वहिनींच्या ओढणीनं बांधलं. मी मागे बसलो. जरा वेळ तो खरंच बसला. मला त्याची पाठ दिसत होती. मग मान पुढे गेली. मी मागून दोन्ही हातांनी धरली. धरली तर वल्हं कोण मारणार? सोडली की हनुवटी जॅकेटच्या कडेवर रुतायची आणि श्वास घरघरायचा. आम्ही तीन-चारदा करून बघितलं. तिसऱ्या मजल्यावरचे ते गृहस्थ स्कूटर लावायला आले आणि हेल्मेट न काढताच वर गेले.

"भाऊजी, उचला त्यांना," वहिनी म्हणाल्या. "बस झालं."

दोन महिन्यांपूर्वी बसला असता. तेव्हा मी खोपोलीला चहा पीत होतो.

दादा आहे. आता पलंगावरच असतो, बोलणं पूर्ण गेलं, पोटातल्या नळीतून पातळ देतात. मी रविवारी जातो. जाऊन काय करायचं ते मला कळत नाही, पण न जाणंही आता जमत नाही. लाट पार होते. गळ टाकला की शिंगाळा लागतो, कधी छोटी सुरमई. आमच्या आजोळच्या रीतीनं नव्या होडीची पहिली मासळी आधी घरातल्या मोठ्याच्या ताटात पडते, मग बाकीचे खातात. दादाच्या ताटात आता काही पडत नाही, म्हणून लागतं ते सोडून देतो. आणि घरी येऊन पलंगाशी बसलो की सांगतो, "मासा नाही लागला, दादा."

तो डोळे मिटतो.

किनाऱ्यावर पोचल्यावर पहिलं काम गोणी भरायचं. पुढच्या सीटवर ठेवून ती कमरेशी बांधतो, म्हणजे गोणीला कंबर असती तर जिथे बांधली असती तिथे. चांगली बसते. लाटेत हलत नाही, कलत नाही, आणि नाक सरळ राहतं.